गुलाबभाऊंच्या डोक्याचा फोटो

आमच्या शेजारच्या गुलाबभाऊंना 'जय भीम' केला की ते उलट 'जय भीम' करतात, एक पाऊल पुढे येतात आणि म्हणतात, "हा कर."

म्हणजे तोंड उघडून श्वास सोडायचा. भाऊ नाक पुढे करून तो हुंगतात, क्षणभर डोळे मिटतात आणि निकाल देतात. "कांदा हाये. जा." किंवा, "बात सिद्धी हाये वामन, तू पिऊन आला." बल्लारपुरातल्या आमच्या वस्तीत या परीक्षेतून कोणाचीच सुटका नाही. सिलिंडर आणणारा, मीटर वाचायला येणारा, मतं मागायला आलेला उमेदवार, सगळे 'हा' करूनच पुढे गेलेले आहेत. वामनच्या पुतण्याच्या लग्नात भाऊ रांगेतून स्टेजवर चढले आणि नवरदेवाला म्हणाले, "हा कर." नवरदेवाने केला. करतो काय बिचारा, फोटोवाला खोळंबला होता. "पास," म्हणून भाऊंनी पाकीट नवरीच्या हातात दिलं.

भाऊ पेपर मिलमध्ये फिटर होते. निवृत्त झाले, पण जगाकडे पाहायची नजर फिटरचीच राहिली. नवरा-बायकोचं भांडण असो की सरकारचं धोरण, कुठला तरी नट ढिला असतो आणि तो फक्त भाऊंना दिसतो. जिल्ह्यात दारूबंदी आली तेव्हा त्यांनी पेढे वाटले. बंदी उठली त्या दिवशी ते जेवले नाहीत. वस्तीत त्यांचा दरारा आहे, पण खरं सांगायचं तर लोक त्यांना टाळतात. भाऊ फाटकात उभे दिसले की वामनसारखे लोक मागच्या नालीवरून उड्या मारत घरी जातात. मलाही त्यांचा फार राग यायचा. माझ्या घरचा पाहुणा आधी यांच्या नाकाखालून जाणार, हा काय प्रकार? त्यांच्या बायको सुलोचनाबाई मात्र गरीब स्वभावाच्या. भाऊंच्या मागे दोन हात अंतरावर उभ्या असतात आणि ज्याचा 'हा' झाला त्याला डोळ्यांनीच माफी मागतात.

आता पुढची गोष्ट. प्रकल्पातलं बाहेर बोलायचं नाही हा आमचा नियम आहे. पण "लिहा सूनबाई, नावासकट लिहा," असं भाऊंनीच बजावलं आहे, म्हणून लिहिते.

मी चंद्रपूरच्या एका दवाखान्यात संशोधनाच्या प्रकल्पात काम करते. दारू सुटत नाही असे लोक आणि ज्यांचं मन सतत उदास असतं असे लोक, यांच्या मेंदूचे एमआरआय फोटो आम्ही काढतो. मशीनमध्ये झोपलेल्या माणसाला आरशातून चित्रं दाखवायची, कधी खुर्ची, कधी बाटली, आणि त्या वेळी मेंदूच्या कोणत्या भागात रक्त जास्त धावतं ते पाहायचं. दारू आणि उदासी पुष्कळदा जोडीनेच येतात, म्हणून अभ्यासही दोन्हींचा. माणसं गोळा करून आणणं हे माझं काम. पिणारे मिळायला काहीच त्रास पडला नाही. उदासही मिळाले. घोडं अडलं ते तिसऱ्या गटाशी. तुलनेसाठी आयुष्यात कधी न प्यालेली आणि मनानेही ठणठणीत अशी माणसं हवी होती. न पिणारा सापडला की तो उदास निघायचा, आणि आनंदात दिसला की समजावं, गडी टाकून आलाय.

हे रडगाणं मी एकदा अंगणात नवऱ्यापुढे गात होते. तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "मले घ्या ना, सूनबाई."

मी हो म्हणायच्या आत ही बातमी वस्तीभर झाली. "माह्या डोक्याचा फोटो काढून राह्यले," भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून सांगू लागले. "विहारासमोर लावतो. साफ डोकं कसं असते, पाहा म्हनावं."

वामनला कित्येक वर्षांत अशी संधी मिळाली नव्हती. "अन् भाऊ, काई निघालं त?"

सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. "निघन कसं?" ते म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते कुंपणाशी येऊन एकच विचारायचे. "मशीनमंदी दिसते का वं, मानूस अंदरून साफ झाला का नाई?"

"नाही भाऊ. पुष्कळ लोकांचे फोटो मिळून अभ्यास होतो. एकट्याचं काही सांगता येत नाही."

"पन दिसत त असनच ना?"

"नाही दिसत."

"पन डॉक्टरले त समजत असन?"

किती वेळा सांगितलं, पण व्यर्थ. हा माणूस अभ्यासाला मदत करायला निघालेला नाही, निकाल घ्यायला निघाला आहे, हे मला समजलं होतं. तो निकाल मिळणारच नव्हता आणि हे ऐकायला ते तयार नव्हते. मला कुठेतरी धास्ती वाटू लागली.

मधल्या काळात एक गंमत झाली. मशीनमध्ये दाखवायची चित्रं आमच्याकडे परदेशातून आली होती. उंच दांडीचे काचेचे पेले, त्यात लाल काहीतरी. आमचे पिणारे ते पाहून म्हणायचे, "सरबत हाये." मग प्रकल्पाच्या डॉक्टरबाईंनी ठरवलं, चित्रं इथलीच काढायची. देशीचा पव्वा, स्टीलचा ग्लास, मोहाची दारू भरलेला प्लास्टिकचा डबा, कागदावर फुटाणे. फोटो आमच्याच अंगणात काढले. सगळी वस्ती पाहायला जमली. वामनला मांडामांड करायला इतका उत्साह होता की त्याला आवरावं लागलं. भाऊ मात्र आले नाहीत. ते रस्त्याच्या पलीकडे, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मोहाच्या डब्याचं झाकण उघडलं तसे आणखी लांब गेले. मी म्हटलं, केवढा हा तिरस्कार!

भाऊंच्या डोक्याच्या फोटोच्या दिवशी प्रकल्पाच्या गाडीने आम्ही तिघं चंद्रपूरला गेलो. भाऊ, सुलोचनाबाई आणि मी. भाऊंनी पांढरा सदरा घातला होता. वाटेत एकदाही कोणाचा नट ढिला निघाला नाही. ड्रायव्हरला 'हा' करायला सांगायचंही ते विसरले.

मी शेजारीण, म्हणून प्रश्न माझ्या सहकाऱ्याने विचारले. "तुम्ही कधी दारू—"

"नाई," भाऊ म्हणाले. त्याचा प्रश्न संपलाही नव्हता.

मशीन म्हणजे मोठा लोहचुंबक, म्हणून अंगावरचं सगळं धातूचं काढावं लागतं. घड्याळ, अंगठी, करदोड्याला बांधलेली किल्ली, एकेक करून सुलोचनाबाईंच्या रुमालात गेलं. फिटरच्या डोळ्यात लोखंडाचा कीस गेलेला असू शकतो, म्हणून डोळ्यांचा एक्स-रे झाला. तो साफ आला. भाऊंनी माझ्याकडे वळून पाहिलं. "साफ," त्यांनी मला सांगितलं, जणू अर्धा पेपर सुटला.

त्यांना आत सरकवलं. काही झालं तर दाबायला हातात एक रबरी फुगा दिला. मशीनची ठकठक सुरू झाली आणि स्पीकरमधून भाऊंचा आवाज आला, "बेअरिंग गेलं हाये तुमचं." तंत्रज्ञ हसला, मीही हसले. चला, आपले भाऊ ठीक आहेत, असं वाटून मी खुर्चीत टेकले.

चित्रं सुरू झाली. खुर्ची. छत्री. पाण्याची बादली. मग आमच्या अंगणातला पव्वा.

"बाबा, डोकं हलवू नका," तंत्रज्ञ म्हणाला.

फुटाणे. ग्लास. मोहाचा डबा.

"बाबा, हलून राहिले तुम्ही."

ग्लास पुन्हा आला, यावेळी भरलेला, आणि खोलीभर भोंगा वाजला. भाऊंनी फुगा दाबला होता. नुसता दाबला नव्हता, दाबून धरला होता. भोंगा थांबेचना. डॉक्टरबाई धावल्या, मी धावले. पलंग बाहेर ओढला तेव्हा भाऊंचा चेहरा ओला होता आणि ते परत परत आवंढा गिळत होते. आम्ही त्यांना बाजूच्या खोलीत आणून बसवलं.

"छातीत दुखतं का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाई मॅडम." त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "तोंडाले पानी सुटलं."

डॉक्टरबाईंनी नाडी पाहायला त्यांचं मनगट धरलं.

"बात सिद्धी हाये," भाऊ म्हणाले. "मी खोटं बोललो. प्यायचो मी. लय प्यायचो. सिंदेवाहीकडे होतो तवा. आमची पोरगी रमा पोटात होती तवा सोडली, अन् इकडे आलो, कोनाले माहीत नाई. मंग पुन्हा थेंब नाई घेतला. पन जात नाई ना मॅडम ते! दिवसभर मी ठीक राहतो, अन् सांज झाली का मन तिकडंच उडते. एवढे वर्ष झाले. मले वाटलं, आता तरी गेलं असन. मशीनमंदी पाहून घ्यावं."

मग ते माझ्याकडे वळले. "लोकायचं तोंड मी कायले हुंगतो, वाटते तुमाले? पकडासाठी? नाई, सूनबाई. तेवढाच वास भेटते."

इतकी वर्षं मी या माणसावर चिडत होते. मला रडू आलं, आणि त्याच वेळी मशीनचा वेळ वाया गेला म्हणून तंत्रज्ञ दारातून काय म्हणेल याचीही काळजी वाटत होती. मन असंच असतं मेलं.

डॉक्टरबाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "भाऊ, तुम्ही आमच्या त्या गटात बसत नाही. पण हे मशीन कोणाला पास-नापास करत नाही. आणि इतक्या वर्षांनी आठवण येणारे तुम्ही एकटे नाही. माझ्याकडे येत जा, बोलत जा."

"पन निघालं ना अंदर?" भाऊंनी विचारलं. मग एकदम आवाज खाली आणला. "रमाच्या मायले सांगू नोका. तिले वाटते, मी जिंकलो."

सुलोचनाबाई दारात उभ्या होत्या. भोंगा ऐकून त्या आत आल्या होत्या, हातात तो रुमाल. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे.

"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या.

भाऊंनी मान वर केली नाही.

"रमाच्या जलमापासून मी माहेरी मुक्काम केला नाई," सुलोचनाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण थांबतही नव्हता. "भावाचं लगन झालं, सांजच्या गाडीनं वापस आली. माय मेली, तिसऱ्या दिवसालेही थांबली नाई. लोकं म्हने, सुलोचनाले नवऱ्याचं लय कौतुक. सांज होत आली का मले घरी पोचा लागे. तुमी एकटे नोको राह्यला पाह्यजे, बस."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी कुठी सांगतलं?"

परत येताना गाडीत दोघंही आपापल्या खिडकीबाहेर पाहत होते. वस्तीच्या तोंडाशी वामन आणि चारपाच जण थांबलेलेच होते. "भाऊ, काय निघालं डोक्यात?" भाऊ उतरले, सगळ्यांकडे पाहिलं आणि सरळ घरात गेले. त्यानंतर फाटकात उभं राहिलेलं मी त्यांना पाहिलं नाही. लोक सुखाने पुढच्या रस्त्याने येऊ-जाऊ लागले आणि वस्तीलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं. डॉक्टरबाईंकडे ते जाऊन येत, एवढं मला माहीत होतं.

मग एक दिवस सुलोचनाबाई पिशवी घेऊन आमच्या दारात आल्या. सिंदेवाहीला भावाची तब्येत बरी नव्हती. "यंदा राहूनच येतो," त्या म्हणाल्या. "त्यायनंच म्हटलं, जा म्हून." जाता जाता थांबल्या, काहीतरी सांगणार असं वाटलं, पण नुसता माझ्या हाताला हात लावून गेल्या.

त्या दिवशी संध्याकाळ होऊ लागली तसं माझं घरात लक्ष लागेना. कणीक मळता मळता मी खिडकीशी येत होते. भाऊ अंगणात येरझाऱ्या घालत होते. मग आत गेले, सदरा घालून बाहेर आले, चपला घातल्या आणि कडी लावून रस्त्याला लागले. आमच्या रस्त्याच्या टोकाला, नाक्यावर, देशीचं दुकान आहे. दुसरं तिकडे काही नाही.

"अहो," मी नवऱ्याला हाक मारली. "भाऊ चालले."

हे उठून फाटकापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. धरून आणायचं तरी कोणत्या तोंडाने? विजेच्या खांबापाशी भाऊ थांबले. तिथून दुकानाचा दिवा दिसतो. ते बराच वेळ तसेच उभे होते. दुकानातून कोणीतरी बाहेर आलं, भाऊंना पाहून दचकलं आणि तोंड लपवून घाईने निघून गेलं. भाऊंचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. पिठाने भरलेल्या हातांनीच मी दारात आले.

भाऊ वळले. भरभर चालत आले, स्वतःचं घर ओलांडलं आणि सरळ आमच्या फाटकात शिरले. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. वस्तीतली माणसं रस्त्यावर होती, वामनही होता, पण त्यांनी आवाज खाली आणला नाही.

"आज मले लय आठवन येऊन राह्यली," भाऊ म्हणाले. "रमाची माय घरी नाई. इथी बसू का?"

ह्यांनी खुर्ची पुढे सरकवली. भाऊ बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, पोरं बसतात तसे.

"किती वेळ बसू?" त्यांनी विचारलं.

"आठवण जाईस्तोवर बसा," हे म्हणाले.