गंगाक्कांच्या पाठीतले बुक्के

इरा आणि निहार,

परवा मी तुम्हाला टांझानियातला एक फोटो पाठवला. निहारने लगेच विचारलं, "आजी, त्या बायका गंगाआजीला का मारताहेत?" इराने विचारलं, "आणि ती हसतेय का?" दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. पण फोनवर उत्तर द्यायला बसले तर तुमची शाळेची वेळ होईल, आणि माझं वाक्य अर्ध्यात तोडलेलं मला चालत नाही हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून नीट टेबलाशी बसून लिहिते आहे. शेजारच्या अंगणात गंगाक्का मांजराला रागावताहेत. वाचताना तो आवाज मागे चालू आहे असं समजा.

गंगाक्का जगातल्या कुणाशीही मराठीतच बोलतात. तेही आमच्या कोल्हापूरच्या मराठीत, आणि माहेर कुरुंदवाडकडचं असल्यामुळे मध्ये चार शब्द कानडी. समोर तमिळ माणूस असो, जपानी असो, फरक पडत नाही. मोठ्यानं आणि मायेनं बोललं की कुणालाही कळतं, असं त्यांचं मत आहे. कळलं नाही तर समोरच्याचं लक्ष नाही. "त्यात काय इंग्रजी लागतंय व्हय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. (आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल 'मी येते' न म्हणता 'मी येतो' म्हणतात. पुढे तसं वाचलंत तर आजीने चूक केली म्हणून मला कळवू नका.)

रोज सकाळी आम्ही दोघी कळंब्याच्या तलावाकडे फिरायला जातो. वाटेत तुरुंग लागतो. दारावरच्या शिपायाला त्या विचारतात, "पावणं, आतल्यांचा च्या झाला का?" शिपाई नवा असेल तर बंदूक सावरतो. जुना असेल तर म्हणतो, "झाला की आक्का, तुमचा?" एकदा बँकेच्या फोनवर रेकॉर्ड केलेली बाई अमक्यासाठी हे दाबा, तमक्यासाठी ते दाबा असं सांगत होती. गंगाक्कांनी तिला पुष्कळ वेळ ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "बाळ, सकाळधरनं बोलायलीस. जरा दम घे, पानी पी."

आता टांझानिया. तुमचे आजोबा ऐन तिशीत तिथल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून गेले. आपल्याकडची आणखी काही माणसं तिथं होती. गंगाक्कांचे यजमान पॅनमन होते, म्हणजे उकळत्या रसात साखरेचा दाणा कधी धरतो ते ओळखणारे. मी कारखान्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. म्हणून गंगाक्का मला अजून 'बाई' म्हणतात.

स्वाहिली मी पुस्तकातून शिकले, व्याकरणासकट. बाजारात मी शुद्ध स्वाहिलीत टोमॅटो मागितले की विकणारी बाई विचारात पडायची. गंगाक्का फक्त आमच्या चाळीच्या कुंपणाशी जाऊन उभ्या राहायच्या. पलीकडच्या गल्लीत मामा नीमा नावाची त्यांची शेजारीण. ह्या मराठीत, ती स्वाहिलीत, आणि गप्पा अशा रंगायच्या की दोन्ही घरांतलं जेवण करपायचं. कारखान्यात कुणाचं कुणाशी बिनसलंय ते मला गंगाक्कांकडूनच कळायचं. दोघींची भांडणंही व्हायची, तीसुद्धा आपापल्या भाषेत. मग मामा नीमा समेटासाठी उगाली पाठवायची. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. गंगाक्का तो उलटसुलट बघून म्हणायच्या, "भाकरी थापायची ऱ्हायली जनू." आणि सगळा खाऊन ताटात गुळाचा खडा परत पाठवायच्या.

तिथं आईला मामा म्हणतात, आणि बाईला तिच्या पहिल्या मुलाच्या नावानं ओळखतात. नीमाची आई म्हणून मामा नीमा. तुमच्या बाबाची आई म्हणून मी मामा समीर. गंगाक्कांना हे आधी अजिबात पसंत नव्हतं. "आईला मामा म्हनत्यात, मग मामाला काय म्हनत्यात?" असं त्या चाळभर विचारत होत्या. पण त्यांना स्वतःला मूल नव्हतं. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती. त्यामुळे कुणीतरी त्यांना 'मामा इंडिया' म्हणायला सुरुवात केली. त्या हसून ओ द्यायच्या. मला म्हणायच्या, "आख्खा देश घातला की माझ्या वटीत."

मग मामा नीमाला दुसरी मुलगी झाली, आणि गंगाक्कांनी परस्पर जाहीर केलं की बारसं होणार. आपल्याकडे बाळाची आत्या त्याच्या कानात 'कुर्र्र' करून नाव सांगते, आणि इतर बायका लगेच तिच्या पाठीत बुक्के घालतात. लटके, हलके बुक्के. आता टांझानियात आत्या कुठून आणायची? "मी हाय की," गंगाक्का म्हणाल्या. मामा नीमाच्या अंगणातल्या आंब्याच्या फांदीला नऊवारीचा पाळणा बांधला. हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या. बुक्के कसे घालायचे ते त्यांनी माझ्या पाठीवर दाखवलं. शेजारणींना एका क्षणात कळलं. पण ते उखळात रोज मका कांडणारे हात होते. बारशानंतर गंगाक्का काही दिवस पालथ्या झोपत होत्या.

मुलीचं नाव त्यांनी ठेवलं शालन.

मी विचारलं, शालनच का? पाठ चोळत त्या म्हणाल्या, "पडून हुतं माझ्याकडं. वापरलं."

मामा नीमाने हाताने खूण करून सांगितलं, नीमा माझी, ही तुझी. त्या दिवसापासून चाळीत कुणी त्यांना मामा इंडिया म्हटलं नाही. त्या मामा शालन झाल्या.

मुलगी चालायला लागायच्या आत आम्ही सगळे परत आलो. गंगाक्का आणि मामा नीमा एकमेकींना लिहिणार तरी कोणत्या भाषेत? चाळीस वर्षं उलटून गेली. तुमचे आजोबा गेले, गंगाक्कांचे यजमान गेले. आमच्या गल्लीत कुणाचंही बारसं असलं की घुगऱ्या गंगाक्कांच्याच. पहाटेपासून त्या तिथल्या स्वयंपाकघरात असतात, सगळ्यांवर ओरडतात. पण पाळण्यापाशी कधी येत नाहीत. बोलावलं की म्हणतात, "नगं. माझा आवाज दांडगा, प्वार दचकंल."

यंदा माझ्या तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांनी मेळावा ठरवला. इमॅन्युएल नावाच्या विद्यार्थ्याने फोन केला, की मॅडम, तुम्ही आल्याशिवाय आम्ही सुरूच करणार नाही. मी औषधं एका पिशवीत, कागदपत्रं दुसऱ्या पिशवीत अशी तयारी करत होते, तेवढ्यात गंगाक्का दारात.

"मी बी येतो."

"आक्का, मेळावा शाळेचा आहे. तुम्ही शाळेत नव्हतात."

"शाळेत न्हवतो म्हनून तर समदं ध्यानात हाय माझ्या."

मी त्यांचंही तिकीट काढलं. मुंबईच्या विमानतळावर त्यांच्या पिशवीतून पेठ वडगावच्या भाच्याच्या गुऱ्हाळातला गूळ निघाला. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने हे काय आहे असं हिंदीत विचारलं. गंगाक्कांनी तोंडाने सांगण्याऐवजी मुठीने एक खडा फोडला आणि त्याच्या हातावर ठेवला. मागे रांग खोळंबली. रांगेतल्यांनाही एकेक खडा मिळाला. विमानात त्या प्रत्येक फेरीला हवाईसुंदरीला विचारत होत्या, बाळ, तू जेवलीस का? शेवटी ती केनियाची पोर हसत हसत त्यांच्या शेजारी टेकली आणि गूळ खाऊनच उठली.

विमान खाली उतरायला लागलं तेव्हा मात्र त्यांनी माझा हात धरला. इतक्या हळू आवाजात बोलल्या की मला वाकून ऐकावं लागलं.

"बाई, नाव ऱ्हायलं असंल न्हवं?"

"कुणाचं?"

"शालनचं. का बदललं असंल?"

मी खोटं बोलत नाही. म्हणाले, आक्का, मधे चर्च आलं, शाळा आली, लग्न आलं. सांगता येत नाही.

त्या खिडकीकडे वळल्या. "बदललं तर बदललं. त्येंची पोरगी हाय."

मेळावा असा झाला की मला अजून हसू येतं. मी हॉलमध्ये पाऊल टाकताच टक्कल पडलेले, पोट सुटलेले पन्नाशीचे पुरुष ताडकन उभे राहिले आणि पूर्वीच्याच सुरात "गुड मॉर्निंग, टीचर" म्हणाले. मी "सिट डाऊन" म्हटल्यावरच बसले. इमॅन्युएल शाळेत काडीसारखा होता. गंगाक्कांनी त्याच्या पोटाला चिमटा काढला आणि विचारलं, "काय रं, कारखाना गिळलास व्हय?" तो स्वाहिलीत म्हणाला, हो मामा, थोडा थोडा करून. दोघांपैकी कुणालाही मी दुभाषी म्हणून लागले नाही. मग ढोल सुरू झाले. गंगाक्कांनी पदर खोचला आणि एका बँक मॅनेजरला फुगडीला ओढलं. त्याचा एक बूट गरगरत जाऊन केकपाशी पडला. तो दुसराही काढून पुन्हा फुगडीला आला.

जेवताना मी इमॅन्युएलला मामा नीमाबद्दल विचारलं. तो म्हणाला, आहे, जुन्याच गल्लीत आहे, पण दृष्टी गेली. थोरली नीमा शहरात असते. "आणि धाकटी?"

"क्रिस्टिना ना? ती आता मुख्याध्यापिका आहे."

हे मला मराठीत सांगावं लागलं नाही. गंगाक्कांच्या हातातला उगालीचा घास ताटात परत गेला.

दुसऱ्या दिवशी मामा नीमाकडे जाताना त्या गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत. गुळाचं पुडकं मांडीवर धरून बसल्या होत्या. इमॅन्युएलने दोनदा मागे वळून मला विचारलं, त्यांना बरं नाही का?

मामा नीमा अंगणात आंब्याखाली बसली होती. तोच आंबा. फाटकाशी मला वाटलं, आता गंगाक्कांची हाक जाणार. गेली नाही. गंगाक्का चालत तिच्यापाशी गेल्या, बाकावर टेकल्या. मामा नीमाने विचारलं, कोण आहे?  गंगाक्कांनी पुडकं सोडलं आणि गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला.

मामा नीमा चघळत राहिली. मग तिचा जबडा थांबला. तिने चाचपत गंगाक्कांचा खांदा धरला आणि त्यांना फाडफाड बोलायला लागली. तू गप्प का बसलीस, आजारी आहेस का, एवढ्या वर्षांनी आलीस आणि अशी चोरासारखी येऊन बसतेस? मी भाषांतर करणार, तेवढ्यात तिने घराकडे तोंड करून हाक मारली.

"शालन!"

चष्मा लावलेली एक उंच, भरदार बाई दोन खुर्च्या घेऊन बाहेर आली. कागदावर ती क्रिस्टिना. चर्चमध्ये क्रिस्टिना. घरात, गल्लीत आणि बाजारात शालन.

मग गंगाक्कांना आवाज सापडला. "केवढी झालीस गं! जेवलीस का?" अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. शेजारच्या घरांतून माणसं आली. पोरं वाकून नमस्कार करत होती आणि म्हणत होती, शिकामू, मामा शालन. थोरामोठ्यांना तिथं असंच म्हणतात.

शालनच्या मुलीला नुकतीच मुलगी झाली होती. नाव ठेवायचं होतंच. ते गंगाक्कांनी सुचवावं असं शालनने मला सांगितलं, मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "माझ्याकडं एकच हुतं." मग मामा नीमाने सुचवलं, फुराहा. म्हणजे आनंद. बाळ गंगाक्कांच्या मांडीवर आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, दचकंल की."

"दचकू दे," मी म्हणाले.

त्या वाकल्या. कुर्र्र मला ऐकू आलं, पण पुढचं नाव इतकं हळू सांगितलं की ते फक्त बाळाला कळलं. बाळ दचकलं नाही. आता बायकांना बुक्क्यांचं समजावून सांगावं म्हणून मी पुढे झाले, तर त्या माझ्या आधीच धावल्या होत्या. तोच हा फोटो. पाठीमागे मुठी उगारलेल्या आहेत, आणि गंगाक्का डोळे मिटून, बाळाला दोन्ही हातांनी धरून हसताहेत. इरा, त्या का हसत होत्या हे मी वेगळं सांगत नाही.

नंतर मी शालनला विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत? तिला प्रश्नच कळेना. आमच्या गल्लीत प्रत्येक बाळाचं असंच करतात, ती म्हणाली. पलीकडच्या गावातले आम्हाला हसतात, पण त्यांची पोरं किती रडतात बघा.

कारखान्याचं धुराडं आता नाही. आमची चाळ पाडली. माझ्या वर्गात खताची पोती आहेत. त्या एका गल्लीत मात्र बाळाचं नाव अजून कानात कुर्र्र करून सांगतात, सांगणारीच्या पाठीत बुक्के घालतात, आणि गंगाक्कांना मामा शालन म्हणतात.