ताईचे एकशे ऐंशी फोटो

"दहा ओळींचं काम!" मास्तरांनी बायकोला चुटकी वाजवून सांगितलं. "दर दहा सेकंदांनी स्क्रीनचा फोटो. ताईला पत्तासुद्धा लागणार नाही!"

मास्तर कॉम्प्युटर क्लासात प्रोग्रॅमिंग शिकवायचे. बावीस वर्षं शिकवून शिकवून त्यांचा समज झाला होता, की जगातली कुठलीही अडचण दहा ओळींत सुटते. आणि अडचण खरंच मोठी होती हो! ताई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, परगावी मुलाकडे अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. मास्तरांचा पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे भेटीला जाणं अशक्य. त्यातून ताईचा एकही धड फोटो घरात नव्हता! कॅमेरा दिसला की ती तोंड फिरवायची. मास्तरांच्या लग्नाच्या अल्बममध्ये तिचं फक्त एक कोपर आहे. आई गेल्यावर जिनं त्यांना लहानाचं मोठं केलं, तिचं नुसतं कोपर!

व्हिडिओ कॉलला मात्र तिची हरकत नव्हती. "बोलून झालं की पुसलं जातं ना? मग ठीक," असं तिचं शास्त्र.

प्रोग्रॅम तासाभरात झाला. पण मास्तर पडले मास्तर! 'काम केलं की ते वापरणाऱ्याला कळवावं' हे त्यांचं वर्गातलं ब्रह्मवाक्य. म्हणून त्यांनी अकरावी ओळ घातली. दर वेळी स्क्रीनच्या मधोमध पाटी येणार, 'फोटो काढला!' आणि ओके दाबलं की जाणार.

रविवारी दुपारी कॉल लागला. ताई उशीला टेकून बसली होती, चेहरा एवढासा झालेला. तेवढ्यात पाटी आली.

"पाय कसा आहे रे?" पाटीमागून आवाज आला.

"बराय." ओके!

"आत खाज सुटते का?"

"सुटते." ओके!

"मघापासून काय टकटक लावलीयस?"

"माउस बिघडलाय, ताई. तू जरा उजेडाकडे तोंड कर ना."

"सूनबाई, खिडकी उघड गं, याला अंधार वाटतोय!"

खिडकी उघडली. वारा आत आला आणि ताईला खोकल्याची उबळ आली. सुनेनं धावत येऊन खिडकी लावली. मास्तर ओशाळले, तरी बोट थांबेना.

"ताई, जरा हस की!"

"तुझा पाय मोडलाय आणि मी हसू? डोकं फिरलंय का तुझं?"

ओके!

"हे बघ, तुला काम असेल तर ठेवते मी फोन."

"नाही, नाही! काम कसलं?" ओके!

मग ताई हळू आवाजात काहीतरी बोलली. नेमकी तेव्हाच पाटी हटेना, म्हणून मास्तर माउस आपटत होते.

"काय म्हणालीस?"

"काही नाही रे. वेळेवर जेवत जा."

कॉल संपला. मास्तरांनी ऐटीत बायकोला हाक मारली आणि फोटो उघडले. एकशे ऐंशी फोटो! प्रत्येकात वर ताईचे पांढरे केस, खाली हनुवटी, आणि मधे ऐसपैस 'फोटो काढला!'

"हे काय हो?"

"ओळी उलट्या लिहिल्या गेल्या," मास्तर पुटपुटले. "आधी पाटी, मग फोटो." ही चूक पहिल्या आठवड्यातल्या विद्यार्थ्यानं केली असती, तर त्यांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

"मग पुढच्या रविवारी काढा परत."

"हो तर! एका मिनिटाचं काम!"

मिनिटभरात त्यांनी पाटीची ओळ काढून टाकली. प्रोग्रॅम अगदी बिनचूक झाला. गुरुवारी ताई गेली.

प्लास्टर निघाल्यावर एका सकाळी मास्तर ते सगळे फोटो पुन्हा बघायला बसले. एखादी पाटी उशिरा आली असेल, एखाद्या फोटोत डोळे तरी दिसतील, ही वेडी आशा. पाटी एकदाही चुकली नव्हती. बायको चहा घेऊन आली आणि खुर्चीमागे उभी राहिली. त्यांना हसवावं म्हणून तिनं खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीवर बोट ठेवलं.

"तुम्ही मात्र सगळ्यांत स्वच्छ आलात हो!"

मास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं. खरंच की! मान खाली, नजर माउसवर. ते पुढचे फोटो उघडत गेले, शेवटच्यापर्यंत. एकशे ऐंशीपैकी एकातही ते ताईकडे बघत नव्हते.