मानाचे कॉमे

नव्या साहेबांच्या बाईसाहेब गाडीतून उतरल्या. दारावरचा फलक त्यांनी वाचला, मग चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा वाचला आणि परत गाडीत जाऊन बसल्या. गाडीचं दार त्यांनी असं आपटलं की स्वागताला उभ्या असलेल्या टायपिस्टबाईंच्या हातातला गुच्छच खाली पडला.

मग साहेबांनी फलक वाचला. हसत हसत वाचायला लागले आणि अर्ध्यावर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "हे कोणी लिहिलं?" एवढंच त्यांनी विचारलं. सगळ्या कार्यालयाने मोठ्या अभिमानाने कॉमाकाकांकडे बोटं केली. साहेब काकांकडे डोळे विस्फारून बघत राहिले, मग तरातरा केबिनमध्ये गेले आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली.

कॉमाकाका म्हणजे त्या पाणीपुरवठा कार्यालयाचे हेडक्लार्क. फलकाचा मजकूर त्यांनी तीन दिवस खपून बनवला होता आणि रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून रंगवून घेतला होता:

अ "हार्टी" वेलकम टू अवर "ऑनेस्ट" चीफ, "डॉक्टर" साहेब, अँड हिज "वाइफ"!

आता हे दुहेरी कॉमे, म्हणजे अवतरणचिन्हं, का, असं कोणी विचारलं असतं तर काकांना त्या माणसाची कीवच आली असती. नोकरीला लागले तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं होतं की इंग्रजी ही मोठी उद्धट भाषा आहे. तिच्यात शिपायालाही 'यू' आणि साहेबालाही 'यू'. तू नाही, तुम्ही नाही, अहो नाही, जाहो नाही. मग त्या भाषेत मान द्यायचा कसा? विचार करकरून काकांनी शोध लावला की मान त्या उलट्या-सुलट्या कॉमांमध्ये असतो. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन दोन पट्टेवाले उभे केले की शब्दाला आपोआप वजन येतं! कार्यालयात या कॉमांना 'मानाचे कॉमे' म्हणत. नवीन माणूस रुजू झाला की काका त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवत, आणि एकोणतीस वर्षांत तिथून मानाचे कॉमे न घालता एक चिटोरं बाहेर पडलं नव्हतं.

आणि आज तर मान देणं फारच गरजेचं होतं. काकांच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते आणि त्यांना एकदाच, फक्त एकदाच, अधीक्षक व्हायचं होतं. सात अर्ज केले होते. सातही परत आले होते. पहिल्या अर्जाच्या वेळीच काकूंनी बढतीचा आदेश टांगायला बैठकीच्या भिंतीवर खिळा ठोकून ठेवला होता, आणि पुढे त्या खिळ्याला कॅलेंडर लटकलं होतं. आता आठवा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता.

"काका, बाईसाहेब का हो रुसल्या?" टायपिस्टबाईंनी गुच्छ उचलत विचारलं.

"मला वाटतं मान कमी पडला," काका घाम पुसत म्हणाले. "'हिज'लाही घालायला हवे होते!"

तेवढ्यात काकांची मुलगी आली. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. बाबा वाचायचा चष्मा घरी विसरले म्हणून तो द्यायला वाट वाकडी करून आली होती. फलकासमोर ती थबकली आणि तिचा हात तोंडावर गेला.

"बाबा! हे कोणी केलं?"

"मी! का गं?"

"अहो बाबा, तुम्ही साहेबांना सगळ्यांसमोर लबाड म्हणालात!"

"काहीतरीच काय बोलतेस? ऑनेस्ट लिहिलंय. ऑनेस्ट म्हणजे प्रामाणिक."

"कॉमांशिवाय. असे कॉमे घातले की म्हणजे… आपण बोलताना कसं म्हणतो, 'आले मोठे प्रामाणिक!' तसं. म्हणे प्रामाणिक. म्हणे डॉक्टर."

काकांनी भिंतीला हात टेकला. "आणि… वाइफ?"

मुलीने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला. "म्हणे बायको."

बाईसाहेबांनी दार का आपटलं ते काकांना कळलं, पण तेवढ्यावर थांबतंय कुठे! एकोणतीस वर्षांची पत्रं त्यांच्या डोळ्यांसमोरून सरसर जायला लागली. मागच्या साहेबांच्या आई वारल्या तेव्हा आपण लिहिलं होतं, वी आर "व्हेरी सॅड". साहेब त्यानंतर चार वर्षं आपल्याशी बोलले नव्हते, आणि आपण म्हणत होतो, बिचारे अजून दुःखातून सावरले नाहीत! गावभर कळवलं होतं, उद्या पाणी येईल, "क्लीन" वॉटर. दुसऱ्या दिवशी लोक बाटल्या घेऊन मोर्चाने आले होते. आणि अर्ज! आपलेच सात अर्ज! आय अॅम अॅन "ऑनेस्ट" अँड "हार्डवर्किंग" क्लार्क.

"अगं, मी सात वेळा माझ्याच सहीने लिहून दिलं," काका म्हणाले, "की मी चोर आहे आणि आळशी आहे!"

"बाबा, बसा आधी. पाणी प्या."

"तुला एवढं कळतं, मग घरात कधी बोलली का नाहीस?"

"मी तुमची ऑफिसची पत्रं कुठे बघितली होती? घरात फक्त ते आईचं कार्ड आहे ना, लग्नाच्या वाढदिवसाचं. तिने फ्रेम करून लावलंय ते. ते बघून मला वाटायचं, तुमची दोघांची आपसातली काही गंमत असेल."

टु "माय" "डिअर" "वाइफ". वीस वर्षं ते कार्ड बैठकीत होतं. आल्यागेल्याला काकू ते कौतुकाने दाखवत होत्या. काकांनी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

"आईला यातलं काही बोलू नकोस हं," ते कसेबसे म्हणाले.

केबिनची कडी वाजली. शिपाई सांगत आला, "काका, साहेबांनी बोलावलंय. एकट्याला." मुलीने बाबांच्या हातात चष्मा दिला, पाठीवर हात ठेवला आणि ती छापखान्यात गेली.

काका आत गेले ते पाय धरायच्याच तयारीने. काय सांगायचं ते ठरलं होतं, साहेब, मी अडाणी आहे, मला माफ करा. पण ते तोंड उघडायच्या आत साहेब स्वतः उठले, दार लावलं, खिडकीही लावली आणि कुजबुजले, "कोणाकोणाला माहीत आहे?"

काकांचे जोडायला उचललेले हात तसेच अधांतरी राहिले.

"बायकोचं सोडा," साहेब म्हणाले. "तिला मी समजावीन. लग्नाचा दाखला आहे माझ्याकडे. पण डॉक्टरेटचा…" त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "खरं सांगतो, प्रबंध अर्धा झालाय. अर्धा म्हणजे, शीर्षक झालंय. बारा वर्षांपूर्वीच. तुम्हाला पहिल्या दिवशी कसं कळलं हो?"

"साहेब, मी… मला काही कळलेलं नाही. मी ते कॉमे फक्त मानाने घातले होते."

"वा!" साहेब त्यांच्याकडे थक्क होऊन बघत म्हणाले. "काय माणूस आहात! एवढं माहीत असून मान राखून बोलताय."

"नाही साहेब, देवाशपथ, मला इंग्रजी येतच नाही!"

"बास, बास. असंच सांगायचं सगळ्यांना. कोणी विचारलं तर इंग्रजी येत नाही म्हणायचं." साहेबांनी टेबलावरचा आठवा अर्ज ओढला. "ऑनेस्ट, हार्डवर्किंग… स्वतःबद्दलही लपवत नाही तुम्ही काही! तुमच्यासारख्या माणसाला दूर ठेवणं मला परवडायचं नाही. तेवढा फलक उतरवा. आत्ता!"

काका केबिनबाहेर आले ते झोपेत चालल्यासारखे. फलक उतरवला. दुपारी चारला टायपिस्टबाई हातात कागद घेऊन नाचतच आल्या. "काका, झालात! अधीक्षक झालात!"

सगळं कार्यालय टेबलाभोवती जमलं. काकांनी चष्मा चढवला. एकोणतीस वर्षं ज्या कागदाची वाट बघितली तो समोर होता. त्यावर लिहिलं होतं:

फॉर हिज "ऑनेस्ट" अँड "लॉयल" सर्व्हिस, ही इज हिअरबाय मेड "सुपरिंटेंडंट".

"हे कॉमे तुम्ही घातलेत?" काकांनी टायपिस्टबाईंना विचारलं.

"नाही हो! साहेबांनी, स्वतःच्या हाताने. मी आणखी दोन जागी घालणार होते, तर म्हणाले, एवढे पुरे, त्यांना कळेल."

"पहिल्याच दिवशी आपली पद्धत शिकले की!" शिपाई म्हणाला. "तीन-तीन मान दिलेत काका तुम्हाला!" आणि सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काका मान खाली घालून उभे राहिले. लोकांना वाटलं, माणूस भारावला. सांगणार तरी काय? आणि कोणाला? सगळे त्यांचेच शिष्य.

संध्याकाळी काकूंनी आदेश हातात घेतला आणि त्यांचे डोळेच भरून आले. कॅलेंडर काढलं. खिळा होताच. कागद फ्रेमेत बसवून त्यांनी तो भिंतीवर टांगला, बरोबर त्या लग्नाच्या वाढदिवसाच्या कार्डाशेजारी. मुलगी छापखान्यातून येऊन दारात उभी होती. तिने आदेश वाचला, बाबांकडे बघितलं आणि पटकन स्वयंपाकघरात निघून गेली.

काकू दोन पावलं मागे सरकल्या. एकदा कार्डाकडे, एकदा आदेशाकडे बघत राहिल्या. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण कॉमे ओळखीचे होते.

"अहो, बघा ना," त्या हरखून म्हणाल्या, "तुम्ही मला जेवढा मान दिलात ना, अगदी तेवढाच साहेबांनी तुम्हाला दिलाय!"