साहेबांच्या पाठीवरचा तीळ

माणसाच्या अंगावरचं काहीही आपल्या टेपमधून सुटत नाही, असं मास्तर छातीठोकपणे सांगत. एक खांदा उतरलेला असो, एक हात बोटभर लांब असो, श्वास रोखून आत ओढलेलं पोट असो. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली की माणसाचं सगळं बाहेर! असा पट्टीचा शिंपी पाठीवरच्या एका तिळाला घाबरेल का?

तर सुरुवातीला नव्हता घाबरला.

तीळ जुनाच होता. उजव्या खांद्याखाली, जिथं स्वतःचा हात पोचत नाही आणि डोळा तर मुळीच नाही. बायकोनं बळेबळे त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "साधा आहे. काढायची गरज नाही. फक्त लक्ष ठेवा. दोन्ही अर्ध्या बाजू सारख्या आहेत का, कड नीट आहे का, रंग एकच आहे का, वाढत तर नाही ना. खाज आली, रक्त आलं, काहीही बदललं तर लगेच या. आणि घरच्या घरी कापायचा, जाळायचा, दोरा बांधायचा उद्योग करू नका!"

मास्तर खो खो हसले. "बाजू जुळणं, कड, रंग, माप! अहो बाई, हे तर आमच्याच धंद्यातलं!"

"मग महिन्याला एक फोटो काढून ठेवा."

"फोटोत माप येत नाही," मास्तर म्हणाले. "तुम्ही निश्चिंत राहा."

दुकानात आल्या आल्या त्यांनी अस्तराचं पातळ पांढरं कापड काढलं आणि स्वतःच्या पाठीला अगदी चिकटून बसेल अशी बिनबाह्यांची बंडी बेतली. बेत असा, की बंडी घालायची, आतला तीळ कापडातून दिसतो, त्याची कड बायकोनं बरोब्बर आखायची, आणि दर महिन्याला ताडून बघायचं. टेपला टेप, पुराव्याला पुरावा!

बायको पायमशीनवर होती. तिथंच तिचा अर्धा जन्म गेला होता, तोही अनवाणी. चपलेतून मशीन पायाला कळत नाही असं तिचं म्हणणं. ती उठली, काळी पेन्सिल घेतली आणि आखायला लागली.

"उमटत नाही हो. कापड गुळगुळीत आहे."

"उमटव कशीही. पुसली जाता कामा नये."

ती मशीनपाशी गेली, काहीतरी खुटखुट केलं, परत आली. या वेळी पाठीला गार लागलं. "घ्या," ती म्हणाली, "आता जन्मात पुसणार नाही."

मास्तरांनी बंडी मधोमध घडी घालून बटणांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि निर्धास्त झाले.

पुढच्या महिन्यात डबा उघडला. घडी उलगडली, आणि मास्तरांच्या हातातली कातर खाली पडली.

तीळ वाढला होता! बंद डब्यात, अंधारात, बटणांच्या सोबतीनं तो मसुरीचा वाटाणा झाला होता. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. डाव्या खांद्याखाली, बरोबर तेवढ्याच अंतरावर, दुसरा तीळ होता. तो कोणी काढलाच नव्हता.

"अगं ए! माझ्या पाठीवर किती तीळ आहेत?"

तिनं सदरा वर करून पाहिलं. "एक."

"नीट बघ! डावीकडे?"

"डावीकडे घाम आहे."

"आणि उजवीकडचा? वाढलाय ना?"

"होता तेवढाच आहे."

"तुला चष्मा लागलाय, तुला काय दिसणार!"

"चष्मा लावला की दिसतं, म्हणूनच लावते!" असं म्हणून ती मशीनवर जाऊन बसली, आणि बायकोच्या डोळ्यांपेक्षा कापडावर भरवसा ठेवणारा हा माणूस बंडी हातात धरून घामाघूम उभा राहिला. अंगावरचा तीळ तिथंच, आणि कापडावरचा वाढतोय! म्हणजे उद्या काय होणार ते कापडाला आधी कळलं की काय?

आता दुकानाच्या कोपऱ्यात एक पुतळा होता. लोखंडी दांड्यावर उभा, अंग पांढऱ्या जाड कापडानं मढवलेलं, आणि तंतोतंत मास्तरांच्याच मापाचा. त्याला डोकं नव्हतं, हात नव्हते आणि काम नव्हतं, म्हणून दोघं त्याला 'साहेब' म्हणत. मास्तरांनी बंडी साहेबांना घातली. डोळ्यांसमोर राहील तर लबाडी करणार नाही, हा हिशेब.

लबाडी राजरोस सुरू झाली. मास्तर काज करताना मान वर करत, तेव्हा तीळ गप्प असे. मान खाली घातली की वाढे. आधी मधे काळा ठिपका, मग भोवती तपकिरी वर्तुळ, मग त्याच्याही बाहेर पिवळट सावली. कड कुरतडल्यासारखी. एक बाजू खाली ओघळलेली. बाईंनी सांगितलेली लक्षणं एकेक करून हजेरी लावत होती!

मास्तरांनी साहेबांकडे पाठ करून बसणं सोडून दिलं. दुपारी रस्ता सुना झाला, मशीन थांबलं, की दुकानात नुसती चुळबुळणारी शांतता उरे आणि त्या शांततेत साहेब उभे. डोकं नसलेला माणूस आपल्याकडे बघतोय हे कसं कळतं, ते मास्तरांना विचारावं. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेताना ते पाठीचं लिहू लागले. एकदा तर एकाच पँटला दोन डावे पाय बेतले!

"मी म्हणतो, रेशमी दोरा घट्ट बांधू," ते एकदा हळूच म्हणाले. "आपोआप गळून पडेल."

"कोणाचा? तुमचा की साहेबांचा?" बायकोनं विचारलं. "बाईंनी दोरा नको म्हणून बजावलंय. त्यापेक्षा ती बंडी काढून टाका. मलाही आता बघवत नाही तिच्याकडे."

मास्तरांनी बंडी काढली, आणि दोघंही दोन पावलं मागं सरकली.

साहेबांच्या पाठीला तीळ झाला होता. उजव्या खांद्याखाली, काळाभोर, अगदी मास्तरांच्या जागेवर!

"संसर्ग!" मास्तर किंचाळले. "चादर आण. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात!"

"अहो, तुम्ही चला की नुसते. साहेबांना कशाला?"

"पुरावा!"

साहेबांना पांढऱ्या चादरीत गुंडाळलं. खांद्याकडून मास्तर, दांड्याकडून बायको, अशी वरात निघाली. रस्त्यावर बोलणारी माणसं गप्प झाली. एक सायकलवाला खाली उतरला. समोरचा घड्याळवाला दुकानातून बाहेर आला, हात जोडून चार पावलं बरोबर चालला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "कोण हो?"

"साहेब," मास्तर धापा टाकत म्हणाले.

"अरेरे! कशानं?"

"पाठीवरचा तीळ."

घड्याळवाल्याचा हात हळूच स्वतःच्या पाठीवर गेला.

दवाखान्यात बाकावर साहेबांना टेकवून बसवलं. शेजारच्या आजीबाई मायेनं सरकल्या. तेवढ्यात चादर घसरली आणि आजीबाईंनी डोळे पांढरे केले. "अगं बाई! तीळ काढायला आलेल्याचं डोकंच काढतात का इथं?"

बाकावरची निम्मी माणसं उठून गेली, आणि मास्तरांचा नंबर ताबडतोब लागला.

डॉक्टरीणबाईंनी आधी मास्तरांची पाठ पाहिली. भिंग लावलं, माप घेतलं, मागच्या मापाशी ताडलं. "तुमचा तीळ जसाच्या तसा आहे."

"आणि याचा?"

बाईंनी साहेबांच्या पाठीवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. "मास्तर, हे तेल आहे."

 मग दांड्याजवळून बारीक आवाज आला. "पेन्सिल उमटत नव्हती ना, म्हणून मी टोक मशीनच्या तेलात बुडवलं होतं."

तेल! कापडात पसरणारं, घडीतून पलीकडे झिरपणारं, बंडीतून साहेबांच्या अंगात मुरणारं तेल! बाईंना हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं. बायको हसली. मास्तरही ओशाळून हसले आणि त्यांनी साहेबांना उचलायला हात घातला. हसण्याच्या नादात पकड सैल पडली. साहेब निसटले आणि लोखंडी दांडा बायकोच्या पावलावर आदळला.

"आई गं!"

बाईंनी तिला पलंगावर बसवलं, पाऊल हातात घेतलं. वरून नुसतं खरचटलं होतं. पुसताना त्यांनी पाऊल वळवलं आणि त्या थांबल्या. तळव्यावर, टाचेच्या अलीकडे, एक काळा डाग होता.

"ते राहू द्या हो बाई," बायको लाजून म्हणाली. "ते मशीनचं तेल आहे. किती घासते, पण जातच नाही."

बाईंनी कापसावर स्पिरिट घेऊन डाग पुसला. कापूस पांढराच राहिला. पुन्हा पुसला. पांढराच.

हसू कधी थांबलं ते कोणालाच कळलं नाही.  मास्तर वाकले. एक बाजू रुंद, एक चिंचोळी. कड बोथट कातरीनं कापल्यासारखी. मधे काळा, कडेला तपकिरी, एका टोकाला निळसर. साहेबांच्या पाठीवर ज्या ज्या गोष्टी त्यांनी डोळे फाडून बघितल्या होत्या, त्या सगळ्या इथं होत्या, आणि पुसल्या जात नव्हत्या. हा पाय रोज त्यांच्यासमोर मशीन चालवत होता. टेप गळ्यातच होती.

"कधीपासून आहे?" बाईंनी विचारलं.

"लक्ष नाही दिलं," ती म्हणाली. "यांच्या पाठीकडेच बघत होते ना."

तो डाग काढला आणि तपासणीला पाठवला. निकाल येईपर्यंत दुकानात मशीन वाजलं नाही. साहेबांचं तोंड भिंतीकडे केलेलं होतं; म्हणजे तोंड असतं तर भिंतीकडे झालं असतं. मास्तर सुईत दोरा ओवायला बसत आणि दोरा तसाच हातात राही.

निकाल घेऊन बाई समोर बसल्या. "वाईट जातीचाच होता. कॅन्सरचा. पण अगदी वरच्या थरात सापडला, खोल गेला नव्हता. आता भोवतालची थोडी चांगली कातडीही काढते, म्हणजे काही मागं उरणार नाही. वेळेवर आलात."

शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तर म्हणाले, "बाई, भरपूर माया धरून कापा. हात आखडू नका."

बाईंनी आखडला नाही. जखम भरत आली तेव्हा मास्तरांनी चष्मा लावून तळवा पाहिला, खूप वेळ पाहिला, आणि म्हणाले, "तिसरा टाका जरा तिरका आहे."

"अहो!" बायको ओरडली.

"पुढच्या वेळी तुम्हीच या शिवायला," बाई म्हणाल्या. "आणि आता महिन्याला एकमेकांचं सगळं अंग बघायचं. तळवे, नखं, बोटांच्या बेचक्या. उजेडात, नुसत्या डोळ्यांनी. तेल नको!"

बाईंचे उपकार कसे फेडावे? मास्तरांनी त्यांच्यासाठी पांढराशुभ्र कोट शिवला. जीव ओतून शिवला. असा कोट जन्मात शिवला नव्हता! कडक इस्त्री केली, ती मोडू नये म्हणून रात्रभर साहेबांच्या अंगावर चढवून ठेवला, आणि सकाळी स्वतः नेऊन दिला.

दुपारी दवाखान्यातली नंबर पुकारणारी बाई कोट घेऊन दारात उभी. तिनं कोट मेजावर पालथा पसरला. उजव्या खांद्याखाली, बरोब्बर त्याच जागी!

"बाईंनी भिंगातून तपासलाय," ती म्हणाली. "साधाच आहे म्हणाल्या. पण हा मात्र काढून टाका."