राजशेखर अप्पांच्या गाडीतला बिडीचा वास

येरमाळ्याच्या फाट्यावर उमाबाई गाडीतून उतरल्या आणि नाकाला लावलेला पदर जरासा बाजूला करून म्हणाल्या, "अप्पा, राग मानू नका. आमी इथून यष्टीनं जातो."

मागून त्यांची जाऊही उतरली. श्रावणातला पहिला सोमवार, कळंबहून येडशीच्या रामलिंगाला जायचं, म्हणून राजशेखर अप्पांनी शेजारच्या या दोघींना आदल्या दिवशी घरी जाऊन बोलावलं होतं. गाडी घेतल्यापासून तिच्यात बसलेली ही पहिली माणसं, आणि ती अर्ध्या वाटेत उतरली. अप्पा एकटेच रामलिंगाला गेले. नारळ फोडला. एक वाटी माकडानं हातातून ओढून नेली, दुसरी घेऊन ते घरी आले.

गाडी जुनी होती, भूमच्या एका गुत्तेदाराकडून, म्हणजे कंत्राटदाराकडून, घेतलेली. माणूस भला, पण त्याने या गाडीत बसून इतक्या बिड्या ओढल्या होत्या की काचा खाली केल्या तरी वास बाहेर जायचं नाव घेत नसे. अप्पांनी जन्मात बिडीला हात लावला नव्हता. गाडी बघायला गेले त्या दिवशी त्यांना नेमकी सर्दी झाली होती. सर्दी गेली तेव्हा वास आला, आणि तोवर गाडी दारात उभी होती.

साठी उलटलेल्या एकट्या माणसाला गाडी कशाला, असं कुणीही विचारील. त्यांच्या मुलीनं, शिवांजलीनं, पुण्याहून फोनवर विचारलंच होतं. "असावी," एवढंच अप्पा म्हणाले. मुलीला काय सांगायचं? अप्पा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते, तेव्हा गल्लीतलं प्रत्येक माणूस दारात यायचं. "अप्पा, पाणी कधी सुटणार?" विचारायला आलेलं माणूस अप्पांच्या बायकोच्या, महानंदाच्या हातचा चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. मग अप्पा निवृत्त झाले, त्याच वर्षी महानंदा गेली, आणि पाण्याचा निरोप लोकांच्या मोबाइलवर यायला लागला. आता विचारायचं काय राहिलं? घर अप्पांना खायला उठायचं. गाडी असली, तिच्यात मोकळ्या सीटा असल्या, तर कुणीतरी म्हणेल, अप्पा, मी येऊ का बरोबर. एवढ्यासाठी घेतली होती हो गाडी.

मंगळवारी सकाळी उमाबाई धुपाटणं घेऊन हजर झाल्या. अप्पांना वाटेत सोडल्याचं त्यांच्या मनाला लागलं होतं.

"ऊद घालू गाडीत. बाळंतिणीच्या खोलीतला वास जातो, तर ह्यो काय चीज हाय?"

त्यांनी धुपाटणं सीटवर ठेवलं आणि दारं लावून घेतली. आत ढगच ढग. निखारा उडाला आणि सीटला हे एवढं भोक पडलं. धूर बघून समोरचा धुळाप्पा पाण्याची बादली घेऊन पळत आला. धुळाप्पानं सारी हयात एसटी चालवण्यात घालवली होती.

"धुराचा वास घालवाया धूर कोन करतं?" तो म्हणाला. "म्या बाजारच्या दिवशी यष्टी चालवलीय. लोकं गाडीत काय काय करून ठेवायची ते सांगत न्हाय. त्याला एकच इलाज, गोवरीची राख."

त्यानं घमेलंभर राख आणून सीटांवर, सीटांखाली, सगळीकडं पसरली आणि दारं उघडी ठेवायला सांगितलं. दुपारी किराणा दुकानदार विरुपाक्षची म्हातारी आई तिथून चालली होती. गाडी सोमवारी रामलिंगाला जाऊन आलेली तिला ठाऊक होतं. आत राख दिसल्यावर तिनं चपला काढल्या, वाकून तीन बोटांनी कपाळावर आडवे पट्टे ओढले आणि पुढं जाऊन सांगितलं की अप्पांनी देवाची विभूती आणलीय. झालं. संध्याकाळपर्यंत निम्मी गल्ली कागदाच्या पुड्या घेऊन गाडीत वाकली. अप्पा "अहो, ती राख..." म्हणत होते, पण विभूती तरी गोवरीचीच असते, तेव्हा खोटं नक्की काय ते त्यांना सांगता येईना. गाडी मात्र फुकटात झाडून निघाली.

वास होता तिथंच होता. आता त्याच्या जोडीला ऊदही होता.

"मास्तरकी नको करू म्हणशीला," विरुपाक्ष म्हणाला, "पन कांदा कुनी ठिवून बघितला का?" त्यानं दुकानातून कांदे आणले, उमाबाईंनी चिरले आणि परातीत घालून गाडीत ठेवले. दुसऱ्या दिवशी ऊन कडक पडलं. गाडीचं दार उघडलं तेव्हा चौघांच्याही डोळ्यांतून धारा लागल्या.

"बिडी तरी मागं पडली," डोळे पुसत विरुपाक्ष म्हणाला.

रोज असं चाललं होतं. संध्याकाळ झाली की अंगणात खुर्च्या पडायच्या. एकेकजण गाडीत नाक घालून यायचा आणि आपलं मत सांगायचा. अप्पा मोठ्या पातेल्यात चहा टाकायचे. महानंदा गेल्यापासून ते पातेलं माळ्यावर पडलं होतं. अप्पांना रात्री झोप लागायला लागली.

मग शिवांजलीचा फोन आला.

"बाबा, एसीच्या आत एक फिल्टर असतो. तो बदला. आणि छताचं कापड साबणानं पुसून घ्या. धूर तिथंच बसतो."

अप्पांनी गॅरेजवाल्याकडून दोन्ही करून घेतलं. वास गेला. सगळे आले, वास घेतला, "गेला की," म्हणाले, चहा प्याले आणि आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी खुर्च्या मांडल्या. कुणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. अप्पा स्वतःच एकेकाच्या दारी गेले. सोमवारी रामलिंगाला येता का? उमाबाई यष्टीनं दर्शन करून आल्या होत्या. विरुपाक्षला दुकान सोडता येत नव्हतं. धुळाप्पा म्हणाला, "दुसऱ्याच्या हातात स्टेअरिंग असलं की मला मळमळतंय, अप्पा."

अप्पा घरी आले. पातेल्यात चहा चौघांचा झाला होता. एकट्यानं संपेना. गाडीत जाऊन बसले, खोल श्वास घेतला. नुसता साबणाचा वास. त्यांना रडू आलं, खोटं कशाला सांगायचं. वास होता तर माणसं होती.

ते उठले, बसस्टँडजवळच्या टपरीवर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा बिडीचं बंडल घेतलं.

गाडीच्या काचा लावून त्यांनी बिडी पेटवली. फक्त धूर करायचा, एवढाच बेत होता. पण बिडी पेटती ठेवायची तर ओढावी लागते, हे त्यांना कुठलं माहीत असणार? पहिला झुरका थेट छातीत गेला. असा ठसका लागला की अप्पा पुढं कोसळले आणि कपाळ हॉर्नवर टेकलं. हॉर्न वाजतच राहिला. गल्ली बाहेर आली. धुळाप्पानं दार उघडलं. धुराबरोबर अप्पा बाहेर आले, हातात बिडी तशीच.

सगळ्यांनी त्या बिडीकडं बघितलं. मग उमाबाई हळूच म्हणाल्या, "म्हंजी त्यो वास गुत्तेदाराचा न्हवताच."

"उगंच बदनाम केलं गरिबाला," विरुपाक्ष म्हणाला.

अप्पांनी सांगायला तोंड उघडलं. ठसक्यानं शब्द फुटेना.

"बोलू नका," धुळाप्पानं त्यांच्या हातातली बिडी काढून विझवली. "सोमवारी रामलिंगासमोर बिडी सोडल्याची शपथ घ्यायची. गाडी म्या चालवतो."

"आमी बी येतो," उमाबाई म्हणाल्या. "शपथेला साक्षीदार लागतोय."

"मी दुकानात आईला बसवतो," विरुपाक्ष म्हणाला. "आन् रोज संध्याकाळी आपन हितं बसायचं. ह्यांना एकटं सोडायचं न्हाय. एकटा माणूस लगेच बिडीकडं वळतोय."

अप्पांचा ठसका थांबला होता. आता खरं सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम. ते नुसतं कपाळ चोळत राहिले.

"किती वर्सांचं हाय हे?" धुळाप्पानं विचारलं.

अप्पांनी अंगणातल्या रिकाम्या खुर्च्यांकडं बघितलं.

"महानंदा गेल्यापासूनचं," ते म्हणाले.

उमाबाईंनी पदरानं डोळे टिपले. "मग सुटायला येळ लागंल, अप्पा."

"लागू द्या," अप्पा म्हणाले आणि चहाचं पातेलं पुन्हा गरम करायला आत गेले.