खड्ड्याकाठची सहल

लहान मुलाला दिवसभर बाहेर फिरवायला पैसे लागतात असं ज्यांना वाटतं, त्यांची मला कीव येते. पैसे नाही हो, डोकं लागतं! तिकिटं, फुगे, झोपाळे हे सगळं कल्पनाशक्ती नसलेल्या बापांसाठी. बायकोलाही मी हे जसंच्या तसं ऐकवलं.

"म्हणजे दोन्हीची पंचाईत," ती उशीत तोंड खुपसून म्हणाली.

तिला सगळं माफ होतं. ती परिचारिका आहे आणि आठवडाभर रात्रपाळी करून त्या सकाळी घरी आली होती. चालता चालता झोपत होती. दुधाची पिशवी चपलांच्या कपाटात ठेवून चपला घेऊन फ्रिजकडे निघालेली मी स्वतः पाहिली होती.

"तू निवांत झोप," मी म्हणालो. "चार वाजेपर्यंत मी आणि टिल्लू घराकडे फिरकणार नाही. शब्द दिला!"

"खरंच?" तिनं एक डोळा उघडून विचारलं. त्या एका शब्दात इतकी आशा होती की मला गलबलून आलं. लग्नाला होकार देतानासुद्धा तिचा आवाज असा नव्हता!

टिल्लू म्हणजे आमचे चिरंजीव. वय वर्षे दोन. शब्दसंपत्तीही दोनच. एक 'अजून' आणि दुसरा 'आई'. पहिला शब्द चालू आहे तोवर जगात सुखशांती असते. दुसरा निघाला की खेळ खलास. मग प्रत्यक्ष आई समोर दिसेपर्यंत हा भोंगा बंद होत नाही. तेव्हा चार वाजेपर्यंत तो शब्द त्याच्या तोंडून निघू न देणं, एवढंच माझं काम होतं. त्यात काय अवघड?

पहिला मुक्काम पाळीव प्राण्यांचं दुकान. बिनतिकिटाचं प्राणिसंग्रहालयच की! टिल्लूनं पोपटाला पाहिलं, सशाला पाहिलं आणि मग खिशातलं बिस्कीट काढून माशांच्या टाकीत स्वच्छ धुतलं. दुकानदारानं आम्हाला दारापर्यंत सोडलं. जरा जास्तच घाईनं सोडलं.

दुसरा मुक्काम कापडाच्या मोठ्या दुकानातली काचेची लिफ्ट. वर, खाली, वर, खाली. "अजून!" वर, खाली. शेवटी पहारेकऱ्यानं विचारलं, "तुम्हाला नक्की कुठल्या मजल्यावर जायचंय?"

"कुठल्याच नाही."

"मग तळमजल्यावर उतरा. दार समोरच आहे."

अकरासुद्धा वाजले नव्हते आणि दिवसभराचा कार्यक्रम संपला होता! मला घाम फुटायला लागला. पण नशीब शूरांच्याच बाजूनं असतं. चौकात वळलो, तर समोर जेसीबी! सुट्टीमुळे रस्ता मोकळा, म्हणून पाइपलाइनसाठी खोदकाम चाललं होतं. पिवळंधमक यंत्र, लोखंडी दात, भलामोठा खड्डा. टिल्लूचा जबडा खाली आला तो वर जाईचना. मी त्याला खांद्यावर घेतलं, त्याची पाण्याची बाटली पाठीमागे दोन्ही हातांत धरली आणि खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो.

दीड तास! एक पैसा खर्च नाही! त्या क्षणी कुणी बालसंगोपनावर चार शब्द बोलायला सांगितलं असतं, तर मी चाळीस बोललो असतो.

आणि मग जेसीबी बंद पडला. म्हणजे बिघडला नाही, जेवायची सुट्टी झाली. टिल्लूचा खालचा ओठ थरथरला. "आ..."

मी खड्ड्याला वळसा घालून धावलो. "दादा! दादा, अजून थोडं खणता का?"

"कुठं?" ऑपरेटरनं डबा उघडता उघडता विचारलं.

"कुठंही."

"खड्डा झाला ना पुरा."

"मग बुजवा आणि परत खणा!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या टिल्लूकडे पाहिलं आणि डबा बंद केला. "माझी पोरगी सहा वर्षांची आहे," तो म्हणाला. "माझ्या गाडीकडे ढुंकून बघत नाही. चला!"

बिचाऱ्यानं खड्डा बुजवला. "अजून!" परत खणला. "अजून!" परत बुजवला. इतकं मन लावून रस्त्याचं काम झालेलं त्या चौकानं कधी पाहिलं नसेल. साहजिकच माणसं जमली. कुणी म्हणे, आत अंगठी पडली आहे. कुणी म्हणे, अंगठी कसली, हंडा सापडलाय! समोरच्या बाल्कनीतले निवृत्त काका हातातल्या वर्तमानपत्रासकट खाली उतरले आणि इतरांना खड्डा समजावून सांगू लागले.

तेवढ्यात मुकादम आला. "अरे, हा खड्डा मघाशीच झाला होता ना? परत कुणी खणायला सांगितला?"

ऑपरेटरनं माझ्याकडे बोट दाखवलं. "त्यांनी."

मुकादमानं मला न्याहाळलं. खड्ड्याच्या अगदी काठावर उभा, हात पाठीमागे, चेहरा चिंताक्रांत आणि स्वतः काहीही करत नाही. त्याचा आवाज एकदम खाली आला. "साहेब, खोली कमी पडली का?"

खरं सांगायला हवं होतं. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो हो, लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो, असं म्हणायला हवं होतं. पण खरं सांगितलं की यंत्र बंद, यंत्र बंद की 'आई', आणि 'आई' म्हटलं की तिची झोप संपली. म्हणून मी नुसतं म्हणालो, "बघू."

इथंच घात झाला! साधा माणूस हो म्हणतो किंवा नाही म्हणतो. 'बघू' फक्त अधिकारी म्हणतो. गर्दीतून एक कुजबुज सरकत गेली. "साहेब आलेत! सुट्टीच्या दिवशी! लेकराला खांद्यावर घेऊन!"

"घरी सांभाळायला कुणी नसेल बिचाऱ्यांना," एक आजी हळहळल्या.

"साहेब," काका पुढे झाले, "मागच्या गल्लीत जमिनीतून पाणी झिरपतंय. आम्ही सांगून सांगून थकलो!"

"बघू," मी म्हणालो. आता तोंडाला दुसरं काही येतच नव्हतं.

"ऐकलंत ना?" काका मुकादमावर गरजले. "साहेब स्वतः बघतो म्हणतायत! घ्या गाडी!"

मुकादम घाबरला. जेसीबी निघाला. त्यामागे कुदळ-फावडी घेतलेले कामगार, त्यांच्यामागे काका, त्यांच्यामागे मी आणि मागे अख्खा चौक. टिल्लू माझ्या डोक्यावर तबला वाजवत होता. खोटं कशाला बोलू, मलाही मजा येत होती. दुकानात आमचे शेठ मला फडकं कुठं ठेवलंस यापलीकडे काही विचारत नाहीत. इथं माणसं मला वाट करून देत होती!

वरात डावीकडे वळली, मग उजवीकडे. ही गल्ली ओळखीची वाटली. वाटणारच! आमचीच होती. आम्ही इथं तसे नवेच, म्हणून मला कुणी ओळखलं नव्हतं.

जेसीबी थेट आमच्या इमारतीखाली थांबला. वर दुसऱ्या मजल्यावर आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी. पडदा ओढलेला. माझ्या पोटात तो चौकातला खड्डा पडला.

"इथं नको!" मी ओरडलो.

काकांच्या भुवया वर गेल्या. "का नको? पाणी तर इथंच झिरपतंय. तुमच्यावर कुणाचं दडपण आहे का?"

"आहे," मी म्हणालो. हे त्या दिवसातलं माझं पहिलं खरं वाक्य.

"कुणाचं? नाव सांगा, घाबरू नका! आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत!"

मी आवाज खाली आणला. "हे बघा, वर दुसऱ्या मजल्यावर एक परिचारिका झोपली आहे. आठवडाभर रात्रपाळी केली आहे तिनं. तिला उठवायचं नाही. कृपा करा."

गर्दीचं मन विरघळलं. "बघा, साहेबांना घराघरातली खबर आहे," आजींनी डोळे टिपले. काकांनी ओठांवर बोट ठेवलं. मुकादमानं खुणेनं यंत्र बंद करायला सांगितलं. कामगार कुदळ अशी हळूच टेकवू लागले, जणू जमिनीला गुदगुल्या करायच्या होत्या. इतकी माणसं रस्त्यावर उभी आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! माणसं चांगली असतात हो. नीट सांगितलं की ऐकतात.

आणि मग माझ्या लक्षात आलं की यंत्र बंद आहे.

"आ..." डोक्यावरून आवाज आला.

"टिल्लू, नको! ते बघ काका! बघ, काकांचा पेपर!"

"आऽऽऽऽई!"

त्या शांततेत तो भोंगा सरळ दुसऱ्या मजल्यावर गेला. पडदा हलला. खिडकी उघडली. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या घडीची रेघ, डोळे अर्धवट मिटलेले. मला मनापासून वाईट वाटलं. एवढंच मागितलं होतं तिनं माझ्याकडे.

तिनं जेसीबी पाहिला. गर्दी पाहिली. मग मला पाहिलं.

"अरे, हे काय चालवलंयस तू?"

"बाई!" काका खालून म्हणाले. "साहेबांशी जरा नीट बोला! तुमची झोप मोडू नये म्हणून केव्हाचे धडपडतायत ते!"

"कोण साहेब?"

"हे काय! पाणीखात्याचे!"

"हा? पाणीखात्याचा?" तिची झोप पुरती उडाली. "अहो, आमच्या मोरीतला नळ तीन महिने गळतोय. रोज सांगते. रोज म्हणतो, बघू!"

काकांनी गर्दीकडे वळून समाधानानं मान डोलावली.

"मग पाणीखात्याचेच!"

पुढचं काय सांगायचं? पाइप खरंच फुटलेला निघाला आणि दुरुस्त झाला. मुकादम मला अजून सलाम करतो आणि मी तो मुकाट्यानं घेतो. बायकोनं मात्र पुढच्या सुट्टीला टिल्लूला माझ्या खांद्यावर बसवलं आणि ती झोपायला सरळ माहेरी निघून गेली. जाण्याआधी फोन करून तिकडच्या गल्लीत कुठं खोदकाम चालू नाही ना, एवढं तिनं विचारून घेतलं.