वाचवलेल्यांची फाइल

एका जंगलात, मुलांनो, एक नदी होती. नदी म्हटली की कधीतरी पूर येणारच, हे वनराज सिंहांना अकराव्या पुरानंतर पटलं. त्यांनी लगेच पूरसज्जता कचेरी उघडली. कोल्हेसाहेब तिचे मुख्य अधिकारी झाले. कचेरीला एक होडीही मिळाली.

वैशाखात साहेबांनी रंगीत तालीम ठेवली. पूरग्रस्त म्हणून काठावरच्या बिळातली सगुणा चिचुंद्री आणि तिची पाच पिल्लं निवडली. चिचुंद्रीची पिल्लं कशी चालतात, ठाऊक आहे ना? पुढच्याची शेपटी तोंडात धरून, आगगाडीसारखी. साहेबांना ती शिस्त फार आवडली.

नदी कोरडी ठाक होती. म्हणून रेड्यांनी होडी खांद्यावर घेतली आणि सहाही जणांना टेकडीवर पोचवलं. वनराजांनी टाळ्या वाजवल्या. फायलीत नोंद झाली : सहा जीव वाचवले. सगुणाला हसू आवरेना, पण साहेबांपुढे हसायचं कसं?

श्रावणात खरा पूर आला. बिळात पाणी शिरलं. सगुणा पिल्लांना घेऊन धापा टाकत होडीपाशी आली. होडीत फायलींचे गठ्ठे चढत होते.

"साहेब, पोरांना तेवढं घ्या हो!"

कोल्हेसाहेबांनी फाइल चाळली. "सगुणाबाई, तुम्हाला तर वैशाखातच वाचवलंय."

"अहो, ती तालीम होती!"

"नोंद खरी आहे ना? मग झालं. एकाच कुटुंबाला दोनदा वाचवलं तर बाकीच्यांवर अन्याय होतो."

"मग बाकीच्यांना तरी घ्या."

"जागा कुठाय? फायली बुडाल्या तर कोण वाचलं हे कळणार कसं?"

सगुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पाणी धाकट्याच्या नाकाशी आलं होतं. भांडायला सवड नव्हती. साहेब पुढचा गठ्ठा आणायला वळले, तशी ती पुटपुटली, "शेपट्या धरा रे." आणि सगळी आगगाडी 'वाचवलेले' असं लिहिलेल्या गठ्ठ्यात शिरली.

टेकडीवर वनराजांनी तो गठ्ठा सोडला. आतून सहा ओली नाकं बाहेर आली.

"हे काय?"

कोल्हेसाहेबांची पापणीही लवली नाही. "जोडपत्रं, महाराज. एकूण सहा."

साहेबांना पदक मिळालं. सगुणा खाली पाण्याकडे पाहत राहिली. तिच्या शेजारची उंदरीण कुठे दिसेना. तिची फाइल अजून उघडायची होती.

तात्पर्य : बुडत्याला काडीचा आधार, असं म्हणतात. मुलांनो, काडीच्या नादी लागू नका. फाइल धरा.